संत्र्याच्या झाडात नेमका कोणता बॅक्टेरिया बसलाय, हे सांगणार कोण?

माझं माहेर वरुड तालुक्यातलं, घरी संत्र्याची बाग, आणि मी नागपुरात कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळं एकाच रोगाकडं दोन्ही बाजूंनी बघायची वेळ माझ्यावर नेहमी येते. मागच्या आंबिया बहाराला दादाचा फोन आला, "ताई, झाडाच्या एकाच बाजूच्या फांद्या पिवळ्या पडून राह्यल्या, फळं लिंबाएवढी, अन् पिकलं तरी खालून हिरवंच." मी म्हटलं पानांचे फोटो पाठव. पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्हीकडं सारखा नव्हता, इकडं एक डाग तर तिकडं भलत्याच जागी दुसरा, आणि झिंक कमी पडलं की पान साधारण दोन्हीकडं सारखंच पिवळं होतं, म्हणून मला लगेच ग्रीनिंगची, म्हणजे बॅक्टेरियामुळं संत्र्याची झाडं मारणाऱ्या रोगाची, शंका आली. तोवर दादानं झिंकच्या दोन फवारण्या मारून झाल्या होत्या. शेवटी पानं टेस्टला दिली, रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. एवढा एकच शब्द. दादानं विचारलं, "पण आलं कुठून हे? शेजारच्या बागेतून का मी आणलेल्या कलमांतून?" मी एवढी शिकलेली, मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलंच नसतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. आपण रोगाला एक नाव देतो, ग्रीनिंग नाहीतर पाना-फळांवर खवले आणणारा खैऱ्या, आणि तिथंच थांबतो. पण त्या एका नावाखाली बॅक्टेरियाचे वेगवेगळे स्ट्रेन, म्हणजे पोटप्रकार, असतात, कुणी कुठून आलेला, कुणाला कोणतं झाड चालतं, कुणावर कोणतं औषध चालत नाही, आणि ही माहिती शेतकऱ्यानं स्वतः काढावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. रस्ता, धरण, हवामानाचा अंदाज जसा सरकारच्या पैशातून होतो तसंच हे काम सरकारच्या पैशातून व्हायला पाहिजे आणि त्याचा डेटा सगळ्यांना खुला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कोरोनात आपण सगळे हे शिकलोय. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत केसेस वाढायला लागल्या तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता की हा व्हायरस जुनाच आहे का बदललाय, आणि मग वर्षभर टपरीवर चहा पिणारा माणूससुद्धा डेल्टा, ओमायक्रॉन असं बोलत होता. त्याच अमरावती जिल्ह्यात लाखो संत्र्याची झाडं उभी आहेत आणि त्यांच्यातल्या बॅक्टेरियाबद्दल हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही.

आता ग्रीनिंगचा जीव कसा आहे ते जरा सांगते. नाव कॅन्डिडेटस लिबरिबॅक्टर एशियाटिकस. कॅन्डिडेटस म्हणजे उमेदवार, हा शब्द लावायचं कारण म्हणजे हा बॅक्टेरिया लॅबमध्ये प्लेटवर एकटा वाढवून कायम ठेवता येत नाही, म्हणून नियमानं त्याला पक्कं नाव मिळालेलं नाही. तो झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत राहतो आणि सिट्रस सायला नावाची बारकी कीड नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, बसून रस शोषते तेव्हा तिच्या पोटातून एका झाडातून दुसऱ्या झाडात जातो. भारतात ही कीडच रोग पसरवते हे कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ ला दाखवून दिलं. दुसरा रस्ता डोळकाडीचा. आजारी मातृवृक्षावरून डोळा काढला आणि जंबेरीच्या खुंटावर भरला की कलम जन्मालाच आजारी येतं, आणि वाईट म्हणजे ते वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, दिसायला ठणठणीत असतं. सायला स्वतः उडून उडून किती लांब जाणार, पण कलमांचा ट्रक रात्रीतून राज्य ओलांडतो.

याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००९ ला पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला, साधारण बारा लाख अक्षरांचा, म्हणजे खैऱ्याच्या बॅक्टेरियाच्या पावपट. एवढा छोटा असूनही तो सगळीकडं एकसारखा नाही. काही स्ट्रेनच्या जीनोममध्ये बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसचे तुकडे घुसून बसलेत, काहींत ते वेगळे आहेत, काहींत नाहीतच. काही जागी अक्षरांचा एक छोटा गट पुन्हा पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो हे प्रदेशागणिक बदलतं. अशाच जागा मोजून नऊ देशांतल्या नमुन्यांवर केलेला एक अभ्यास २०१२ ला प्रसिद्ध झाला, त्यात भारतातले नमुने पूर्व आणि आग्नेय आशियातल्या नमुन्यांपासून वेगळे पडले, ब्राझीलचे त्या आशियाई गटाजवळ गेले, आणि फ्लोरिडात एकाहून जास्त गट सापडले, म्हणजे तिथं हा रोग बहुतेक दोनदा तरी बाहेरून आला. दादाचा प्रश्न हाच होता ना, आलं कुठून? प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं, तंत्र आहे, फक्त वरुडच्या बागेसाठी ते कुणी वापरत नाही.

यातली एक गोष्ट आपल्या पुण्याची आहे आणि ती मला प्रत्येक बॅचला सांगावीशी वाटते. फ्रान्समध्ये बोर्दोला जोसेफ बोव्हे आणि मोनीक गार्निए यांच्या लॅबनं १९८० च्या दशकात ग्रीनिंग ओळखायला मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे बॅक्टेरियाच्या एकाच ठरावीक खुणेला चिकटणारी प्रथिनं, बनवल्या आणि त्यासाठी त्यांनी वापरलेला एक स्ट्रेन पुण्याहून गेलेला होता, शास्त्रीय लिखाणात तो आजही पूना स्ट्रेन म्हणून ओळखला जातो. वाटलं होतं की आता जगातलं कुठलंही ग्रीनिंग पकडता येईल. पण त्या अँटिबॉडी इतक्या नेमक्या निघाल्या की एका ठिकाणच्या स्ट्रेनला चिकटायच्या आणि दुसऱ्या देशातलं आजारी झाड सरळ निगेटिव्ह यायचं. झाड डोळ्यासमोर मरतंय आणि टेस्ट म्हणते काही नाही! पुढं याच पूना स्ट्रेनच्या डीएनएचा एक तुकडा काढून प्रोब म्हणून, म्हणजे जुळणारा डीएनए शोधायला, वापरला, तो आशियातल्या नमुन्यांना चिकटला, आफ्रिकेतल्यांना नाही, आणि आशियातला आणि आफ्रिकेतला हे दोन वेगळे जीव आहेत या निष्कर्षाकडं जायला त्यातून मदत झाली. आफ्रिकेतल्याला उष्णता सोसत नाही, आशियातल्याला सोसते. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला जातो, त्यामुळं हा फरक आमच्यासाठी फार मोठा आहे.

हीच गोष्ट ब्राझीलमध्ये पुन्हा घडली. २००४ ला साओ पावलो राज्यात झाडांवर ग्रीनिंगची सगळी लक्षणं, पण आशियाई आणि आफ्रिकी बॅक्टेरियाच्या टेस्ट बऱ्याच झाडांत निगेटिव्ह यायला लागल्या. तिथल्या लोकांनी "निगेटिव्ह आहे, झिंक मारा" असं म्हटलं नाही, त्यांनी शोधलं, आणि तिसराच लिबरिबॅक्टर सापडला, त्याचं नाव अमेरिकानस. मला यात खरी शिकण्यासारखी गोष्ट त्याच्या आधीची वाटते. साओ पावलोच्या सरकारी संशोधन निधीनं, फापेस्प त्याचं नाव, राज्यातल्या वेगवेगळ्या लॅब एकत्र जोडून झायलेला फास्टिडिओसा या संत्र्याच्याच दुसऱ्या बॅक्टेरियाचा जीनोम वाचून काढला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. वनस्पतींना रोग करणाऱ्या बॅक्टेरियांमध्ये जगातला हा पहिला पूर्ण जीनोम, आणि तो वाचला गेला संत्री पिकवणाऱ्या राज्यात. दोन वर्षांनी तिथल्याच टीमनं खैऱ्याच्या बॅक्टेरियाचाही वाचला. जीनोम वाचून एक झाडसुद्धा बरं झालं नाही, हे मी आधीच कबूल करते. पण लॅब उभ्या राहिल्या, पोरं शिकली, आणि नवीन संकट आलं तेव्हा ते ओळखू शकणारी माणसं राज्यातच होती. शिवाय त्यांनी कायदाही केला, २००३ पासून साओ पावलोत लिंबूवर्गीय रोपं फक्त किडी आत येणार नाहीत अशा जाळीच्या घरातच तयार करायची.

फ्लोरिडाकडं बघितलं की जीव घाबरतो. तिथं ग्रीनिंग २००५ ला सापडलं. २००३-०४ च्या हंगामात तिथं संत्र्याच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ ला १ कोटी ६० लाखांच्या आसपास. त्यात वादळांचा वाटा आहे, जमिनी बिल्डरकडं गेल्या त्याचा आहे, पण मुळात बागा पोखरल्या त्या या बॅक्टेरियानं.

आता खैऱ्या. संत्र्यावर तो तेवढा त्रास देत नाही, पण कागदी लिंबाचा शेतकरी त्याच्यामुळं रडतो, पानावर, काडीवर, फळावर खडबडीत तपकिरी खवले, बाजारात माल दाखवता येत नाही. बॅक्टेरिया झॅन्थोमोनास सिट्री. याचं भारताशी नातं फार जुनं आहे, १८२७ ते १८३१ च्या दरम्यान भारतातून गोळा केलेली महाळुंगाच्या जातीची वाळवलेली पानं लंडनच्या क्यू बागेत आहेत आणि त्यांच्यावर खैऱ्याचे डाग आहेत. यातला एक प्रकार, साधा ए, जवळजवळ सगळ्या लिंबूवर्गीय झाडांवर येतो. दुसरा ए-स्टार, तो मुख्यतः कागदी लिंबापुरता, इराण, ओमान, सौदी आणि भारतात सापडलेला. तिसरा फ्लोरिडात सापडलेला ए-डब्ल्यू, तो ए-स्टारच्या अगदी जवळचा आणि भारताकडूनच तिथं गेला असावा असं मानलं जातं, तो ग्रेपफ्रूटला लागत नाही, कारण त्याच्याकडं एक जास्तीचा जीन आहे जो ग्रेपफ्रूटचं झाड ओळखतं आणि लगेच तिथली पेशी मारून त्याला अडवतं. एका जीनचा फरक, आणि कुणाची बाग वाचते कुणाची नाही ते त्यावर ठरतं. समजा एखाद्या शेतकऱ्याच्या लिंबावर खैऱ्या आहे आणि शेजारी मोसंबी लावायचीये. त्याच्याकडं ए आहे का ए-स्टार, यावर सल्ला बदलतो. आज त्याला हे सांगणारा तालुक्यात कोण आहे?

औषधाचंही तेच. आपल्याकडं खैऱ्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि स्ट्रेप्टोसायक्लिन मारायची वर्षानुवर्षांची सवय आहे. अर्जेंटिनात १९९४ पासूनच तांब्याला दाद न देणारे स्ट्रेन माहीत आहेत, आणि तो प्रतिकार करणारे जीन प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या सुट्या तुकड्यावर, असतात, म्हणजे एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडं सरळ जाऊ शकतात. स्ट्रेप्टोसायक्लिन तर अँटिबायोटिकच आहे, माणसाच्या औषधातली, ती बागेत फवारायची हे मला पहिल्यापासून पटत नाही, केंद्रानंसुद्धा २०२१ च्या डिसेंबरात ती शेतीतून बंद करायच्या दिशेनं पाऊल टाकलं. पण एकीकडं बंद करताना दुसरीकडं कोणत्या भागातल्या बॅक्टेरियात प्रतिकार आलाय याचा नकाशा नको का? नकाशा नसला की दुकानदार म्हणेल तो डोस, दोनाच्या जागी तीन फवारण्या, पैसे गेले आणि बॅक्टेरिया तिथंच.

आता कायद्याचं बघा. महाराष्ट्रात फळझाडांच्या नर्सरीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६९ चा. आणि ग्रीनिंगच्या झाडात असा काही सूक्ष्मजीव आहे हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा दिसलं १९७० ला. म्हणजे कायदा झाला तेव्हा हा शत्रू कुणी बघितलेलाही नव्हता! त्या काळच्या लोकांना दोष नाही, लायसन्स असावं, मातृवृक्ष नीट असावा, हे त्यांनी बरोबरच सांगितलं. पण मातृवृक्ष नीट आहे हे डोळ्यांनी बघून ठरवायचं, आणि हा रोग डोळ्यांना दिसायच्या आधी दोन वर्षं झाडात असतो.

आमच्याकडं शेंदुरजनाघाट म्हणजे कलमांचं गाव, तिथली आणि आसपासची कलमं राज्यात आणि राज्याबाहेर जातात. नागपुरी संत्रा राजस्थानात झालावाडला आहे, सीमेपलीकडं पांढुर्णा-सौंसरला आहे. हजारो घरं या धंद्यावर चालतात, आणि त्यातले बहुतेक लोक प्रामाणिक आहेत हे मी लहानपणापासून बघितलंय, चार बोटांत डोळा भरणाऱ्या बायांचे हात काय सफाईदार चालतात ते बघायला पाहिजे. दादाची कलमं जिथून आली तिथल्या माणसालाही बहुधा माहीत नसणार की आपला मातृवृक्ष आजारी आहे. त्याला कळणार कसं? टेस्ट कोण करून देणार, पैसे कोण भरणार?

आणि म्हणूनच मी आत्ता हे लिहितेय, कारण पैसे आलेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं क्लीन प्लांट प्रोग्रॅम मंजूर केला, १,७६५ कोटींच्या वर रक्कम, देशात नऊ क्लीन प्लांट सेंटर, आणि त्यातलं लिंबूवर्गीयांसाठीचं एक नागपूरला. चांगली गोष्ट आहे, मनापासून चांगली. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे, तिथं पीसीआर करणारे लोक आहेत. पण या कार्यक्रमाची सगळी भाषा रोपं व्हायरसमुक्त करायची आहे आणि मला भीती ही वाटते की सेंटर सुरू होईल, मशीन येतील, आणि रिपोर्टवर परत तोच एक शब्द येईल, पॉझिटिव्ह नाहीतर निगेटिव्ह. पॉझिटिव्ह नमुना तिथं आलेलाच असतो, डीएनए काढलेलाच असतो, त्याचा स्ट्रेन बघायला वेगळी बाग हिंडायची नाही, नवीन पान तोडायचं नाही, थोडा जास्तीचा खर्च आणि नोंद ठेवायची शिस्त एवढंच. सुरुवातीलाच हे नियमात आलं नाही तर पाच वर्षांनी कुणी घालणार नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, घरीच ऐकलंय. दादा म्हणतो, "ताई, बांगलादेशनं ड्युटी वाढवली, माल पडून राह्यला, पाणी नाही, अन् तू मले बॅक्टेरियाचं खानदान सांगून राह्यली." बरोबर आहे त्याचं. भाव नसेल तर निरोगी झाडाचंही काय करायचं. पण संत्र्याची बाग वीस-पंचवीस वर्षांसाठी लावतात, भाव एका वर्षात पडतो आणि वर येतो, बाग सातव्या-आठव्या वर्षी, ऐन उत्पन्नात, वाळायला लागली की ती परत येत नाही. त्यानं स्वतः मागच्या बहारात झाडं उपटली तेव्हा ड्युटीचं नाव काढलं नव्हतं, नुसता झाडाजवळ बसून होता.

दुसरा आक्षेप माझ्याच क्षेत्रातले लोक घेतात, की या लिबरिबॅक्टरमध्ये तशी विविधता कमीच, सगळे स्ट्रेन झाड मारतातच, मग फरक मोजून काय उपयोग. यात तथ्य आहे. कुठला स्ट्रेन जास्त घातक हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण रोग कोणत्या रस्त्यानं आला हे सांगायला छोटे फरकही पुरतात. एका तालुक्यातल्या पन्नास बागांत एकच प्रकार असेल तर सायलानं बागेतून बागेत नेलंय असं समजून सगळ्यांनी एकाच वेळी नवतीवर फवारणी करायला पाहिजे, एकट्यानं करून उपयोग नाही. पण मध्येच चार बागांत वेगळाच प्रकार निघाला आणि चौघांची कलमं एकाच ठिकाणची असली, तर तो मातृवृक्ष शोधून काढायला पाहिजे, आणि तोही आज, पुढचा ट्रक निघायच्या आधी. पहिल्या गावात फवारणीचा खर्च, दुसऱ्या गावात एक झाड तोडायचं. पॉझिटिव्ह या एका शब्दावरून ही दोन गावं वेगळी कळत नाहीत.

तिसरी भीती मात्र खरी आणि मोठी आहे, ती नर्सरीवाल्यांची. असा डेटा उघड झाला की गाव बदनाम होणार, "तिथली कलमं घेऊ नका" असा मेसेज एका दिवसात सगळ्या ग्रुपवर फिरणार. फ्लोरिडात खैऱ्या संपवायच्या नादात सरकारनं आजारी झाडापासून १,९०० फुटांत येणारं प्रत्येक लिंबूवर्गीय झाड तोडायचा नियम केला, लोकांच्या अंगणातली चांगली झाडं गेली, माणसं कोर्टात गेली, वर्षानुवर्षं भरपाईच्या केसेस चालल्या, आणि २००६ ला तो कार्यक्रमच सोडून द्यावा लागला कारण वादळांनी बॅक्टेरिया सगळीकडं नेला होता. धाक दाखवून हे काम होत नाही. त्यामुळं माझं म्हणणं असं की उघड करायचा तो तालुकानिहाय डेटा, कोणता प्रकार कुठं, कोणत्या वर्षी. नर्सरीचं नाव फक्त त्या नर्सरीला आणि कृषी खात्याला कळावं. आणि ज्याचा मातृवृक्ष पॉझिटिव्ह निघाला त्याला त्या झाडाची भरपाई आणि बदल्यात टेस्ट केलेली डोळकाडी त्याच आठवड्यात मिळावी, नाहीतर कुणीही स्वतःहून पानं तपासायला आणणार नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही आणली नसती.

ईशान्य भारताचं बोलल्याशिवाय राहवत नाही. लिंबूवर्गीय झाडांचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार, युनान या पट्ट्यात आहे असं २०१८ च्या मोठ्या जीनोम अभ्यासानं सांगितलं, मेघालयात गारो टेकड्यांत नोक्रेकला रानटी संत्र्यासाठी राखीव जंगल आहे. झाड जिथं लाखो वर्षं आहे तिथं त्याचे रोगही वेगवेगळे असणार आणि त्यांना तोंड देणारी झाडंही तिथंच असणार. आपण नागपुरात रोगाला टिकणारी जात तयार करू, तिला कुठल्या स्ट्रेनसमोर उभं करून तपासणार? फक्त नागपूरच्या? मग ती खासी संत्र्याच्या मुलुखात टिकेल का, किंवा तिकडचा स्ट्रेन उद्या एखाद्या ट्रकनं इकडं आला तर? जात तयार करायला पंधरा-वीस वर्षं लागतात, चुकीच्या शत्रूसमोर तपासली तर ती वर्षं वाया.

दादानं उपटलेल्या झाडांच्या जागी खड्डे खणून ठेवलेत, मृगाचा पाऊस पडला की कलमं लावायचीत. मी त्याला सांगितलंय की नर्सरीत गेलास की मातृवृक्षाची टेस्ट कधी केली हे विचार, रिपोर्ट माग, नसेल तर दोन पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला आणून दे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या प्रत्येक शेतकऱ्यानं हाच प्रश्न विचारावा, लेखी विचारावा, ग्रामसभेत ठराव करून नागपूरच्या सेंटरला पाठवावा की आमच्या तालुक्यात कोणता प्रकार आहे ते आम्हाला कळवा. माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये पीसीआर मशीन आहे, पोरांना हाताला काम पाहिजे, पुढच्या सुट्टीत आम्ही पानं गोळा करायला येतोय.